भिजलं की बळ येतं

इस्त्रीची चक्री एकदा नीट बघा. नायलॉन, सिल्क, वूल, कॉटन आणि सगळ्यात शेवटी, जिथे इस्त्री सर्वांत जास्त तापते तिथे, लिनन! आमची इस्त्री लग्नापासूनची. रोज हातात असते. शाळेचे गणवेश, सुती शर्ट, आईंची लुगडी, सगळं कॉटनवर भागायचं, त्यामुळे त्या शेवटच्या खुणेपर्यंत चक्री फिरवायची वेळच कधी आली नव्हती. आता ती थेट शेवटाला नेते आणि खाली जे घडतं ते बघून दर वेळी हरखते. ओलसर कापडावर तापलेली इस्त्री टेकते, चर्र होतं, वाफ उठते आणि मघाशी चुण्यांनी भरलेलं ते कापड इस्त्रीच्या मागे एकदम सपाट, गुळगुळीत होऊन बाहेर येतं. वर एक मंद चमक! आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना मी हे घरी बोलावून दाखवलंय. उरलेल्यांना दाखवायचंय, आणि तुम्हालाही सांगायचंच आहे.

लिननची साडी भाचीनं पुण्याहून आणली. राखाडीकडे झुकणारा निळा रंग, काठाला चंदेरी जरीची एकच बारीक रेघ आणि हाताला लागणारा गार, किंचित खडबडीत पोत. साडी हातात पडली तशा सूचनाही पडल्या. घरी धुवायची नाही. पाणी लावायचं नाही. ड्रायक्लीनलाच द्यायची. आता बिद्रीत राहणाऱ्या माणसानं ड्रायक्लीनला कपडा टाकायचा म्हणजे कोल्हापूर गाठायचं. एसटीनं तासाभराचा रस्ता, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून गेलं तर आणखी वेळ. टाकायला एक खेप, आणायला दुसरी. घरोघरी लिननची साडी नाहीतर शर्ट लग्नात घडी मोडून पुन्हा कपाटात का जातो, ते इथं कळतं. पण साडीबरोबर एक पुठ्ठ्याचं कार्ड होतं आणि त्यावर एक छोटं चित्र होतं. पाण्याचा टब, त्यात बुडवलेला हात. म्हणजे ज्यांनी कापड तयार केलं ते स्वतःच सांगतायत की हातानं धुवा! मग आणखी कुणाला विचारायचं?

दुपारी मोरीत मोठा टब भरला. गार पाणी, त्यात सौम्य लिक्विड साबण झाकणभर. साडीचा पदर पाण्यावर सोडला आणि बघतच राहिले. सिंथेटिक साडी पाण्यावर फुगते, तिला हातानं दाबून बुडवावं लागतं. हिला तसं काहीच करावं लागलं नाही. पाणी लागलं त्या जागेपासून ओल अशी सरसर चढत गेली की राखाडी-निळा रंग डोळ्यांदेखत गडद निळा होत काठापर्यंत पोचला, माझं बोट तिच्या मागे पडलं. आणि ओलं कापड हातात घेतलं तर तो खडबडीतपणा गेलेला! जड, गार, गुळगुळीत. पदराचा कोपरा दोन मुठींत धरून ताणून पाहिला. जराही दबलं नाही, उलट कोरडं असताना लागत होतं त्याहून घट्ट लागलं.

हा भास नव्हता. लिननचा तंतू ओला झाला की कोरड्यापेक्षा जास्त बळकट होतो! सुताचंही तसंच आहे, म्हणून तर सुती लुगडं पिढ्यान् पिढ्या दगडावर आपटलं तरी टिकत आलं. रेशीम, लोकर यांचं उलटं, ओलं झालं की त्यांचं बळ कमी होतं. रेयॉनचं तर जवळजवळ निम्म्यावर येतं. लिननबद्दलची सगळी भीती मला इथंच उलगडली. कापड महाग म्हणून आपण त्याला रेशमाच्या पंगतीत बसवलं आणि रेशमाचे सगळे नियम त्याच्या गळ्यात बांधले. त्याची पंगत सुताची आहे. पाणी त्याचं सख्खं आहे. घरी लिनन कसं सांभाळायचं हे ज्याला कळायचंय, त्यानं एवढं एकच मनात धरावं. बाकीचं सगळं त्यातून आपोआप सुचत जातं.

हे कापड येतं कशातून, तर जवसातून! आपल्या जवसातून! भाकरीबरोबर ज्याची चटणी खातो, ज्याचा लाडू बाळंतिणीला देतो, ज्याचं तेल क्रिकेटच्या बॅटला चोळतात, त्याच झाडाच्या खोडाच्या सालीतून. दाणा जेवणात आणि साल अंगावर. मला हे कळलं त्या दिवशी मी डब्यातले जवस परातीत ओतून नुसती बघत बसले होते. आपल्याकडं, विशेषतः विदर्भात, रब्बीत जे जवस पेरतात ते तेलाचं. बुटकं, फांद्या फुटलेलं, निळ्या फुलांचं, कारण जितक्या फांद्या तितकी बोंडं. कापडाचं जवस त्याच जातीचं पण उंच, सडसडीत, कमरेच्या वर जाणारं, फांद्या अगदी शेंड्याला. फ्रान्सच्या नॉर्मंडीत आणि बेल्जियममध्ये ते मार्च-एप्रिलमध्ये पेरतात आणि साधारण शंभर दिवसांत काढतात. काढतात म्हणजे कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण कापलं तर तेवढी तंतूची लांबी वाया जाते. तो तंतू आपल्या देशात येतो, बंगालमध्ये हुगळीकाठी रिश्रा इथं त्याचं सूत होतं आणि भागलपूर, फुलिया अशा ठिकाणी हातमागावर त्याच्या साड्या विणल्या जातात. आपला जिल्हाही कापडाचाच. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. पण आपलं सगळं शहाणपण सुताचं. जवसाच्या कापडाशी आपली ओळख नवीन आहे.

असं मी म्हणत होते. मग आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायला बसले. खोड उपटतात, रानातच पसरून ठेवतात, आठवडेच्या आठवडे दव आणि पाऊस खाऊ देतात, त्यानं साल कुजून सुटते, मग कुटून, विंचरून तंतू काढतात. आईंनी निवडायला घेतलेलं ताट बाजूला ठेवलं.

"म्हंजी वाखच की गं!"

अंबाडीचा वाख. त्यांच्या माहेरी अंबाडीच्या पेंढ्या ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवायचे. पाणी काळं पडायचं, वास सुटायचा, आणि साल अशी ढिली व्हायची की बोटानं ओढली की वीतभर पट्टी निघून यावी. धुऊन, झोडपून, वाळवून त्याचा वाख, आणि वाखाचे कासरे, दावी, शिंकी. नॉर्मंडीतला शेतकरी आणि आईंचे वडील तेच करत होते! सालीतले तंतू पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्यानं एकमेकांना धरून असतात. दव असो की ओढ्याचं पाणी, सूक्ष्मजीव ते द्रव्य खातात आणि तंतू मोकळा होतो. त्यातलं थोडं पेक्टिन कापडातही उरतं, नव्या लिननचा ताठरपणा त्यामुळेच. दर धुण्याला ते आणखी थोडं निघत जातं आणि कापड मऊ होत जातं. आईंना हे सांगावं लागलं नाही. "नवा कासरा हाताला लागतोय, भिजून भिजून मऊ येतोय," त्या म्हणाल्या आणि साडीच्या पदरावरून हात फिरवला.

तेव्हा धुवा! वापरा आणि धुवा. गार नाहीतर कोमट पाणी, हातालाच सोसेल इतपत. सौम्य साबण, तोही पाण्यात आधी नीट विरघळवून मगच कापड त्यात. रंगीत लिननला मी रिठ्याचं पाणी वापरते. रात्री रिठे भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळायचे, फेस बघून मन भरतं. धोपाटणं नको आणि ब्रश तर अजिबात नको. कापडाला ओलं झाल्यावर ताण सोसतो म्हणून घासणं सोसेल असं नाही. कॉलरीची कड, बाहीची दुमड, काठाची घडी या ठिकाणी लिनन घासलं की तंतू तुटतात आणि रेघ पांढुरकी पडते. नुसतं पाण्यात दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. दोन पाण्यांतून खळबळून काढायचं, साबणाचा अंश राहिला तर इस्त्रीखाली पिवळं पडतं. आणि पीळ घालायचा नाही. मी साडी जाड टॉवेलवर पसरते, दोन्हीची मिळून वळकटी करते आणि वरून दाबते. टॉवेल चिंब होतो, साडी ओलसर राहते, आणि पिळाच्या चुण्या पडतच नाहीत. मशीनमध्ये शर्ट टाकायचे तर जाळीच्या पिशवीत, मशीन अर्धंच भरून आणि सुकवण्याची फेरी कमी वेगावर.

पाण्याबद्दल आणखी एक, आणि हे फक्त आपल्या भागातल्या माणसालाच सहज जमेल. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस येत नाही, उलट साबण आणि पाण्यातले क्षार मिळून एक राखाडी साका तयार होतो आणि तो कापडात बसतो. पांढरं लिनन मळकट दिसायला लागतं. दूधगंगेच्या खोऱ्यात पाऊस काय कमी पडतो? पहिले दोन पाऊस कौलं धुऊन जाऊ द्यायचे आणि मग पागोळीखाली पिंप लावायचं. ते पाणी इतकं मऊ असतं की चमचाभर साबणात टबभर फेस! लिनन त्या पाण्यात धुतलं की वाळल्यावर हाताला जे लागतं ते बोअरच्या पाण्यात कधीच मिळत नाही. उन्हाळ्यात बोअरच्याच पाण्यावर भागवायचं, तेव्हा शेवटच्या पाण्यात अर्धं लिंबू पिळते.

आता इस्त्री. ही विद्या मला चौकातल्या इस्त्रीवाल्या मामांनी दिली. कोळशाची इस्त्री, लाकडी मूठ, शेजारी पाण्याचा तांब्या. पहिल्यांदा साडी त्यांच्याकडं नेली ती कडकडीत वाळवून. त्यांनी चिमटीत धरून पाहिली.

"वैनी, ही ओलीच आणायची हुती. ह्ये कापड एकदा का खडखडीत वाळलं की मग कितीबी रेटा, आतली चुनी हालत न्हाई. निम्मं वाळलं की काढायचं, गुंडाळायचं, आन् लगी इस्त्री."

त्यांनी तांब्यातलं पाणी शिंपडलं, साडी घट्ट गुंडाळली, बाजूला ठेवली, तोवर दुसऱ्या कुणाचे तरी शर्ट केले. मग साडी उलगडली. ओल सगळीकडं सारखी पसरली होती. आणि त्या तापल्या इस्त्रीखाली ती जी सरळ होत गेली, ते बघून मी घरी आले ती सरळ आमच्या इस्त्रीची चक्री शेवटाला नेऊनच थांबले.

यामागचं कारण कळल्यावर तर मला आणखीच आनंद झाला. लिननचा तंतू ताणला तर जेमतेम दोन-तीन टक्के ताणतो. लोकरीसारखी स्प्रिंग त्यात नाही. आतली रचना घट्ट, सरळसोट. म्हणून एकदा वाकला की वाकलेलाच राहतो, त्याचीच चुणी. ओल आत शिरली की ही घट्ट रचना जरा सैल होते, उष्णता तिला सरळ करते आणि ओल वाफ होऊन निघून गेली की ती सरळच धरली जाते. कोरड्या कापडावर नुसती उष्णता घालून हे होत नाही. म्हणून दोरीवरून ओलसर असतानाच काढायचं. गडद रंग उलट्या बाजूनं, नाहीतर वर चकाकीचे पट्टे उठतात. जरीवर सुती रुमाल ठेवून, इस्त्री जरा थंड करून. भरतकाम असेल तर टॉवेलवर पालथं घालून, म्हणजे टाके दबत नाहीत. आणि इस्त्री झाली की लगेच घडी नाही. थोडा वेळ टांगायचं, उरलेली वाफ जाऊ द्यायची.

तरी चुण्या पडणारच. अंगावर घातलं, बसलं, उठलं की पडणार. त्याला वैतागणाऱ्यांना मी हल्ली एक गोष्ट सांगते. इजिप्तमध्ये कैरोच्या दक्षिणेला तारखान नावाचं जुनं दफनस्थान आहे. फ्लिंडर्स पीट्री या संशोधकानं १९१३ साली तिथं उत्खनन केलं आणि मातीनं माखलेल्या लिननच्या चिंध्यांचा एक गठ्ठा लंडनला आणला. तो तसाच पडून राहिला. १९७७ साली तो गठ्ठा धुऊन-सवरून घ्यायला व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमकडं पाठवला, आणि मळक्या कपड्यांच्या त्या ढिगातून एक झगा निघाला! बाह्या असलेला, खांद्यापाशी आणि बाह्यांवर बारीक चुणीदार मांडणी केलेला. २०१५ साली त्याचं वय तपासलं तेव्हा तो इसवी सनापूर्वी ३४८२ ते ३१०२ या काळातला ठरला. विणलेल्या कापडाचा, शिवलेला, आजवर टिकलेला जगातला सर्वांत जुना पोशाख म्हणून तो ओळखला जातो. पाच हजार वर्षं टिकला आणि तो लिननचा! तो उलटा सापडला, डोक्यावरून ओढून काढल्यावर कपडा उलटा होतो तसा. आणि कोपरापाशी, काखेपाशी चुण्या आहेत. वापरून पडलेल्या. पाच हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी कोपराची चुणी अजून त्या कापडात आहे, आणि आपण चार तासांच्या लग्नातल्या चुण्यांची काळजी करतो! मी तर आता त्या तशाच मिरवते.

पांढऱ्या लिननचं वेगळं प्रकरण. ह्यांचा एक पांढरा लिननचा शर्ट बरीच वर्षं कपाटात राहून घडीवर पिवळा पडला होता. क्लोरीनचं ब्लीच घालू नका, तंतूच खातं ते. जुन्या काळी युरोपात लिनन पांढरं कसं करायचे हे वाचलं आणि मी उडालेच. नेदरलँड्समध्ये हार्लेम गावाबाहेर मोठमोठ्या कुरणांवर लिननचे तागे उन्हात पसरलेले असायचे. सतराव्या शतकातला चित्रकार याकोब फान राउसडाल यानं ती पांढऱ्या पट्ट्यांची कुरणं रंगवून ठेवली आहेत. क्षाराच्या पाण्यात उकळायचं, गवतावर उन्हात घालायचं, पुन्हा भिजवायचं, आणि अखेरीस आंबट ताकात बुडवून ठेवायचं. ताकात! महिनोन् महिने चालायचं हे. पुढं १७५६ साली फ्रान्सिस होम या स्कॉटिश डॉक्टरनं ताकाऐवजी पातळ गंधकाम्ल वापरायचं सुचवलं, १७८५ च्या सुमारास फ्रान्सच्या बर्तोलेनं क्लोरीन वापरून दाखवला, १७९९ साली चार्ल्स टेनंटनं ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं, आणि महिन्यांचं काम दिवसांवर आलं. पण ऊन आणि ओल यांची ताकद तशीच आहे, ती आपल्या परसातही आहे. आपल्या परटांना ती ठाऊक होतीच. कोल्हापुरात रंकाळ्यावर धुण्याची चावी हे नावच अजून आहे.

परसात हरळीचा एक तुकडा आहे. त्यावर तो शर्ट धुऊन ओलाच पसरला, सुकायला लागला की तांब्यानं पाणी शिंपडलं, पुन्हा ऊन. संध्याकाळी घडीची पिवळी रेघ शोधावी लागत होती. पुन्हा एकदा तसंच केलं आणि ती दिसेनाशी झाली! पण हे पांढऱ्यापुरतंच. रंगीत लिनन सावलीत, वाऱ्यावर, उलटं करून. आणि दोरी नायलॉनची नाहीतर काथ्याची, लोखंडी तारेवर ओलं लिनन घातलं की गंजाची रेघ उमटते. उमटलीच तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवायचं आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं.

कोल्हापूरकडचं जेवण आणि डाग यांची तर जन्माची जोडी. मटणाच्या रश्श्याचा कट साडीवर सांडला की पहिलं काम, चोळायचं नाही. टिपायचं. वर कोरडं पीठ नाहीतर टाल्कम पावडर टाकायची, तेल त्यात ओढलं जातं. मग झाडून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाच्या टोकानं, कोमट पाणी. तांबूस छटा उरली तर ऊन तिला खातं. हळदीची गंमत तर मी मुद्दाम पोरांना जमवून दाखवली. पिवळ्या डागावर साबण लावला की तो झर्रकन लालभडक होतो. बघणाऱ्याच्या तोंडून "गेली साडी!" निघतंच. काही गेलेलं नसतं. हळदीतलं रंगद्रव्य साबणाच्या क्षारानं लाल होतं, लिंबाचा थेंब टाकला की परत पिवळं. पोरं आ वासून बघत होती. आणि तो पिवळा रंग उन्हाला टिकत नाही. धुऊन, ओलाच डाग उन्हाकडं करून वाळत घालायचा, एकदोन उन्हांत तो फिका पडत जातो.

शिवायला कापड द्यायचं असेल तर आधी पाण्यातून काढा. लिनन पहिल्या धुण्याला आटतं, दोन-चार टक्के तर सहज, कधी त्याहूनही जास्त. रात्रभर साध्या पाण्यात भिजत, सकाळी निथळून सावलीत, ओलसर असताना इस्त्री, आणि मग शिंप्याकडं. साडीचा फॉलही तसाच भिजवून घ्यायचा, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर फॉल आखडतो आणि काठाला झोळ येतो.

खळ मात्र नको. सुती साडीला खळ शोभते, लिननला त्याचा स्वतःचा ताठा आहे. शिवाय खळ लावलेल्या कापडाकडं कसर धावते आणि दमटपणात बुरशीही. आपल्याकडच्या पावसाळ्यात, जून लागला की कपाटाच्या भिंतीसुद्धा घाम गाळतात, आणि लिनन तर हवेतली ओल सुतापेक्षा जास्त धरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कधी ठेवू नका, आत कोंडलेली ओल काळे ठिपके पाडते. आईंच्या जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याचा तुकडा घ्यायचा, त्यात साडी. घडीऐवजी सैल गुंडाळी केली तर उत्तम, कारण तीच ती घडी वर्षभर राहिली तर त्या रेषेवर तंतू तुटतो. कपाटात वेखंडाचे तुकडे नाहीतर वाळवलेला कडुनिंब. डांबरगोळ्या घालायच्याच असतील तर वेगळ्या कापडात बांधून. आणि पावसानं उघडीप दिली, चार तास ऊन पडलं, की कपाटाची दारं सताड उघडी आणि साड्या दोरीवर, वाऱ्याला.

एक सावधगिरी सांगते आणि ती कळकळीनं सांगते. लिननसारखं दिसणारं सगळं लिनन नसतं. बाजारात लिनन म्हणून व्हिस्कोसचं मिश्रण सर्रास मिळतं. व्हिस्कोस म्हणजे रेयॉनच, ओलं झालं की दुबळं. त्याला वरचं सगळं लागू नाही. घेताना शंभर टक्के लिनन असं छापलेलं आहे का ते बघा. सूत निरखा, खऱ्या लिननच्या सुतात मधूनच जाडसर गाठ येते, बारीक होते, पुन्हा जाड होते. मुठीत आवळून सोडा, चुणी पडून राहिली पाहिजे. आणि जमलं तर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो मणी होऊन बसला तर परत ठेवा.

आता गल्लीतली परिस्थिती अशी आहे की शेजारच्या काकूंनी मुलाचे लिननचे शर्ट काढलेत, दोघीतिघींनी साड्या काढल्यात आणि मामांकडं रोज कुणीतरी गुंडाळलेलं ओलसर बोचकं घेऊन उभं असतं. मामा खूश आहेत. मला मात्र एक ओढ लागलीय. चुलत जावेचं माहेर विदर्भातलं. तिच्या भावाच्या शिवारात हरभऱ्याच्या कडेनं जवस असतं. यंदा फुलावर आलं की जायचं. ते बुटकं, तेलाचं असलं तरी सालीत तंतू त्याच्याही असतोच. चार-सहा खोडं मुळासकट उपटून आणायची, आईंच्या सांगण्याप्रमाणे पिंपात दगडाखाली दाबायची आणि साल सुटली की वाख ओढून बघायचा. आईंनी पिंप आत्ताच घासून ठेवलंय.